रणवार्ता प्रथम कोणी सांगावी?

बीड जिल्ह्यातील वडवणीसारख्या तालुक्याच्या गावीही आता युद्धाची बातमी वृत्तपत्राच्या आधी खिशातल्या मोबाईलवर येऊन धडकते, आणि ती लष्कराच्या निवेदनाची वाट पाहत थांबत नाही. ज्या घरचा मुलगा सीमेवर आहे, त्या घराने अशा रात्री कोणाचे ऐकावे? लष्कराच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनी आपल्या कामाचा विचार या घरापासून करावा, अशी आमची त्यांस सूचना आहे.

२०१९ चे उदाहरण महाराष्ट्राने विसरता कामा नये. २७ फेब्रुवारी रोजी काश्मिरात बडगामजवळ हवाईदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळून सहा हवाई सैनिक व एक नागरिक मृत्यू पावले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. नाशिकने त्यांस साश्रू निरोप दिला. पण हेलिकॉप्टर कशाने पडले, हे त्या वेळी सांगण्यात आले नाही. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले व ती मोठी चूक होती, अशी कबुली हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी दिली ती ४ ऑक्टोबर रोजी. चौकशीस अवधी लागतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मधल्या सात महिन्यांत कुजबुज चालू होतीच, आणि मुलाच्या मरणाचे कारण आईबापांनी कुजबुजीतून ऐकावे, यासारखी विटंबना नाही. त्या मुदतीत लोकसभेची निवडणूकही होऊन गेली. असले योगायोग लोकांच्या नजरेतून सुटत नसतात. स्वकीयांच्या माऱ्याची शक्यता तपासली जात आहे, एवढे एक वाक्य आरंभीच अधिकृतपणे सांगता आले असते.

घाईही तितकीच घातक. त्याच २७ फेब्रुवारीस पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने भारताचे दोन वैमानिक पकडल्याचे जाहीर केले व नंतर तो आकडा एकावर आणला.

२०२५ च्या मे महिन्यात ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी कर्नल सोफिया कुरेशी व विंग कमांडर व्योमिका सिंह यांची निवेदने मोजकी व संयत होती. काही वाहिन्यांनी मात्र एका रात्रीत कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकले. सकाळी बंदर जागच्या जागी होते! आपली विमाने पडली काय, या प्रश्नावर ११ मे रोजी एअर मार्शल भारती यांनी हानी हा लढाईचा भागच असल्याचे सांगितले, आणि तपशील शत्रूच्या उपयोगी पडेल म्हणून तो देण्याचे नाकारले. हे नाकारणे आम्ही योग्य मानतो; त्यात असत्य नव्हते. पण विमाने पडल्याचा स्पष्ट होकार जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे रोजी सिंगापुरात परदेशी वृत्तसंस्थांना द्यावा आणि तो आपण तेथून ऐकावा, हे आम्हांस रुचले नाही.

जनसंपर्क अधिकाऱ्याने ‘माहीत नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ ही दोन उत्तरे निःसंकोच द्यावीत, मात्र ती एकमेकांच्या जागी वापरू नयेत. ‘उद्या पाहून सांगतो’ म्हणणाऱ्या मास्तरावर मुले विश्वास ठेवतात; फक्त उद्या त्याने खरोखरच सांगितले पाहिजे. वाईट वार्ता प्रथम कुटुंबास द्यावी, आणि लगोलग जनतेस. या दोहोंत जितके अंतर पडेल तितके ते अफवेच्या पथ्यावर पडते. शिवाय निवेदन मराठीतही त्याच घटकेस निघावे. बीडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अशा रात्री दूरध्वनी उचलणारा एक माहीतगार माणूस बसवावयास सरकारास फारसा खर्च येणार नाही.