देवळातली बकुळ आणि माझी जुनी लेन्स

पोस्ट जरा मोठी आहे. पण रविवारच्या मीटिंगआधी लिहायलाच हवं होतं.

माझ्या प्रोफाइलवर जे आहेत त्यांना ठाऊक आहे, गेली नऊ वर्षं मी आपल्या देवळाच्या आवारातल्या फुलांचे फोटो काढतोय. चैत्रात देवचाफा आणि बकुळ, भाद्रपद-आश्विनात प्राजक्त. लेन्स एकच. पुण्याच्या जुन्या बाजारात एका बंद पडलेल्या झेनिट कॅमेऱ्याला चिकटून आलेली, रशियन बनावटीची हेलिओस ४४-२. कॅमेरा गेला शोकेसमध्ये, लेन्स अडॅप्टर लावून आजच्या कॅमेऱ्यावर बसवली. ऑटोफोकस नाही. हाताने रिंग फिरवायची आणि वारा थांबायची वाट बघायची. मागची पानं भोवऱ्यासारखी गरगरताना दिसतात, लोकांना ते फार आवडतं.

तिची एक खोड मात्र आहे. अर्ध्या मीटरच्या आत ती फोकसच करत नाही. म्हणजे नखाएवढं बकुळीचं फूल चौकटभर मोठं येणं शक्यच नाही. फुलाबरोबर आवारही येतं फोटोत. आधी मला याचा वैताग यायचा. आता त्या चुकून आलेल्या आवारासाठीच ही पोस्ट लिहितोय.

परवा प्राजक्ताचे सगळे फोटो वर्षवार लावून बघितले. पहिल्या तीन-चार वर्षांत फुलं मातीवर पडलीयेत. सडा घातलेली ओलसर माती आणि वर केशरी देठ. नंतरच्या फोटोंत शहाबादी फरशी आली, बुंध्याभोवती हातभर माती शिल्लक. गेल्या वर्षीपासून पेव्हर ब्लॉक, तेही थेट बुंध्याला भिडवून, फटीत सिमेंट भरून. आणि यंदा? यंदा फोटो काढायला सडाच नव्हता. पहाटे साडेपाचला गेलो तर ओंजळसुद्धा भरेना. खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही म्हणतात, प्राजक्ताला तेवढी सूट. आमची आजी पदरात वेचून न्यायची. आता पुजारीकाका दारावरच्या टोपलीतून झेंडू विकत घेतात.

प्राजक्त तसंही फार जगणारं झाड नाही, त्याचं वय झालं असेल, असं एक विश्वस्त म्हणाले. असेलही. मी काही वनस्पतीतज्ज्ञ नाही. पण झाडाची अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं जमिनीच्या वरच्याच थरात असतात, त्यांना हवा आणि पाणी लागतं, हे शाळेच्या पुस्तकातलं ज्ञान आहे. त्यावर सिमेंट ओतलं तर काय होणार?

आता दुसऱ्या टप्प्यात बकुळीचा पार फोडून तिथपर्यंत ब्लॉक नेणार आहेत. माझ्या आई-वडिलांच्या लग्नातल्या १९७१ च्या फोटोत ही बकुळ मागे उभी आहे, तेव्हाच मांडवापेक्षा उंच. पन्नास वर्षांपुढच्या झाडाला शहरी भागात हेरिटेज वृक्ष मानायचं, असा बदल आपल्या राज्याच्या वृक्षसंवर्धन कायद्यात २०२१ मध्ये झालाय. मी हे बोललो तर उत्तर मिळालं, "अहो, तोडतोय कुठे? फक्त ब्लॉक बसवतोय." तर मूळ १९७५ चा कायदा काढून वाचा. त्यात झाड तोडणे याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट काढून एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. तिथे रस्त्याकडेच्या झाडांना मिळालं ते इथे देवाच्या दारातल्या झाडाला मिळू नये?

समितीतली माणसं वाईट नाहीत, हे मुद्दाम लिहितो. पावसाळ्यात आवारात चिखल व्हायचा, आमच्याच गल्लीतल्या एक मावशी घसरून पडल्या होत्या. सप्ताहाला पंगत बसवायला सपाट जागा लागते. मान्य. देणगीदारालाही दिसेल असं काम हवं असतं, पाटीवर नाव येतं. मोकळ्या मातीवर कोणाची पाटी लागणार! ब्लॉक बसवा, वाट पक्की करा, मावशींना कठडा करा. पण पार राहू द्या. प्राजक्ताभोवतीच्या दोन रांगा उचला. एका गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्याची मजुरी मी देतो.

रविवारी संध्याकाळी आरतीनंतर सभामंडपात बैठक आहे. नऊ वर्षांचे फोटो प्रिंट करून आणतोय, रांगेने मांडणार. तुमच्या घरी मुंज, लग्न, जत्रा, कशाचाही जुना फोटो असेल ज्यात ही बकुळ दिसतेय, तर घेऊन या. १९७१ च्या आधीचा कोणाकडे असेल तर आधी फोन करा, मी घरी येऊन स्कॅन करून नेतो.