एस. टी.चा प्रवास आणि आमचीं सुशिक्षित घरें

गेल्या उन्हाळ्यांत उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधील आमच्या परिचयाच्या एका मराठी कुटुंबांत एक लहानशी परिषद भरली होती. घरांतील मुलगी नुकतीच पदवीची परीक्षा उत्तीर्ण झाली होती, आणि नोकरीस लागण्यापूर्वीं आठ दिवस एकटीनें एस. टी.नें जुन्नर-पुण्याकडचा मुलूख हिंडून यावें, असा तिचा मनोदय होता. खर्चाचा तिनें केलेला अंदाज इतका बेताचा होता कीं, पैशाच्या मुद्द्यावर तिला नकार देणें कोणासच शक्य नव्हतें. तेव्हां इतर मुद्दे निघाले. काका म्हणाले, "स्टँडवर आपल्या घरच्या मुलीनें एकटीनें ताटकळत बसायचें, हें दिसतें तरी कसें?" आत्याबाईंनीं रात्रीबेरात्रीचा विषय काढला. आई कांहींच बोलली नाहीं. अखेर वडिलांनीं निकाल दिला कीं, तिला एका सहल कंपनीबरोबर हिमाचलास धाडावी. या तोडग्यास मुलीच्या अंदाजाच्या कितीतरी पट खर्च आला आणि सर्व मंडळी समाधान पावली. मुलगी गेली, परत आली, आणि त्या सहलीविषयीं तिनें चार वाक्येंसुद्धां धड सांगितलीं नाहींत.

आम्हांस या कुटुंबाची थट्टा करावयाची नाहीं. तीं माणसें सुज्ञ आणि प्रेमळ आहेत. हें मासिकहि त्यांच्या घरीं येतें. त्यांनीं दिलेला निकाल आज महाराष्ट्रांतील हजारों सुशिक्षित घरांतून दिला जातो, म्हणूनच त्याची जाहीर चर्चा करणें आम्हांस अवश्य वाटतें. सार्वजनिक वाहन हें गरजवंताचें वाहन होय, स्वस्त प्रवास म्हणजे हलका प्रवास होय, आणि एकट्यानें, त्यांतून एकटीनें, हिंडणें म्हणजे घरच्यांनीं लक्ष न दिल्याची खूण होय, असा एक समज आमच्या वर्गांत रूढ होऊन बसला आहे. हा समज चुकीचा आहे, एवढेंच आमचें म्हणणें नाहीं. तो सर्व समाजास अपायकारक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हा निकाल कॅम्प ५ मध्यें लागावा, याचें तर आम्हांस विशेष नवल वाटलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ सैन्यासाठीं छावण्या बांधल्या गेल्या, १९४७ च्या फाळणीनंतर त्यांच्या बराकींत सुमारें एक लाख सिंधी निर्वासितांना आसरा देण्यांत आला, आणि १९४९ सालीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. कराचीहून बोटीनें किंवा आगगाडीनें, परतीचें तिकीट नसलेल्या ज्या बायका येथें उतरल्या, त्यांतील कित्येकींच्या सोबतीस लहान मुलांवांचून कोणी नव्हतें. पुढें अंबरनाथच्या कारखान्यांत कामाला म्हणून जीं मराठी कुटुंबें या परिसरांत आलीं, तींहि कांहीं पालखींत बसून आलीं नाहींत. वळकटी आणि ट्रंक घेऊन तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतून आलीं. सारी वस्तीच जेथें उतारूंची, तेथें तिसऱ्या पिढीस स्टँडवर बसणें कमीपणाचें वाटावें, हा स्मृतिभ्रंश नव्हे तर काय?

प्रथम या कमीपणाचाच विचार करूं. आफ्रिकेंतून १९१५ सालीं परतल्यावर गांधीजींनीं तिसऱ्या वर्गानें देश पाहिला, आणि १९१७ सालीं त्या वर्गाच्या उतारूंचे हाल सविस्तर लिहून जनतेपुढें मांडले. ज्या डब्यांत देश बसतो, त्या डब्यांत बसल्यावांचून देश कळत नाहीं, एवढी साधी गोष्ट त्यांनीं ओळखली होती. रेल्वेनें तिसरा वर्ग १९७४ सालीं बंद केला. आमच्या मनांतील तिसरा वर्ग मात्र अद्याप चालूच आहे. आमचे काका ज्या स्टँडवर मुलीला बसूं देण्यास तयार नाहींत, त्याच स्टँडवर मुरबाडकडच्या खेड्यांतील कॉलेजच्या मुली रोज सकाळीं उतरतात आणि सायंकाळीं परतीच्या गाडीची वाट पाहात उभ्या असतात. रुग्णालयांतील पाळी संपवून घरीं जाणारी परिचारिका, पहांटेच्या लोकलनें भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई, या सर्व एकट्याच असतात. त्यांच्यासाठीं कोणाच्या घरीं परिषद भरत नाहीं. त्यांना एकटीनें जाणें शोभतें आणि आपल्या मुलीस शोभत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं आपण मुलीची काळजी करतों आहों कीं आपल्या प्रतिष्ठेची, हें स्वतःशींच तपासून पाहावें.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाहीं. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकल गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खालीं पडले आणि त्यांतील कित्येकांना प्राणास मुकावें लागलें. बदलापूर-अंबरनाथच्या माणसास त्या गर्दीचें वर्णन सांगण्याचें कारण नाहीं. परंतु वाचकांनीं नीट पाहावें: ते प्रवासी एकटे होते म्हणून पडले नाहींत; गाड्या पुरेशा नव्हत्या म्हणून पडले. स्टँडवर दिवा नसणें, स्त्रियांसाठीं स्वच्छ शौचगृह नसणें, शेवटची गाडी रद्द झाल्याचें कोणी न सांगणें, हे खरे धोके आहेत. आणि ते सारे व्यवस्थेचे दोष आहेत, एकटेपणाचे नव्हेत. पहिल्या गाडीनें निघावें, दिवेलागणीपूर्वीं मुक्कामीं पोहोंचावें, मुक्कामाचें ठिकाण आधीं ठरवून घरीं कळवावें, एवढे नियम पाळणाऱ्या शहाण्या मुलीस उरलेला धोका घरापासून कॉलेजपर्यंतच्या धोक्याहून फार मोठा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं.

शिवाय अनोळखी माणूस म्हणजे संकट, हें समीकरण तरी कोठून आलें? २७ जुलै २०१९ रोजीं बदलापूरच्या पुढें, वांगणीजवळ, महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यांत अडकून पडली होती. गाडींत हजाराच्या वर प्रवासी होते. सरकारी पथकांनीं त्या सर्वांना सुखरूप बाहेर काढलें. आणि त्या कामीं आसपासचे गांवकरी, ज्यांची त्या प्रवाशांशीं ना ओळख ना देख, मदतीस धावून आले. ही गोष्ट आमच्याच दाराशीं घडलेली आहे.

आणि धैर्याचे धडे आम्ही मुलींना देत नाहीं, असेंहि नाहीं. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्यें, वयाच्या अठराव्या वर्षीं, पतीस मागें ठेवून कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस निघाल्या. हा पाठ आमच्या घरांतील प्रत्येक मुलीनें वाचलेला असतो आणि त्यावर निबंधहि लिहिलेला असतो. त्या आनंदीबाईंच्या कल्याणहून सुटणाऱ्या मुरबाडच्या गाडींत बसण्यास मात्र तिला परवानगी मिळत नाहीं!

"पण त्या बाजूस पाहण्यासारखें आहे तरी काय?" असा तिसरा आक्षेप असतो, आणि तो घेणाऱ्यांची आम्हांस खरोखर कींव येते. कॅम्प ५ पासून अंबरनाथचें शिवालय किती दूर आहे? शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेलें, शिलाहार मुम्मुणि राजाच्या काळचें हें मंदिर! त्याच्या बाह्य भिंतींवरील मूर्तींकडे घटकाभर पाहावें, पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यांत जावें. सिंगापूर पाहून आलेल्या किती घरांनीं हें केलें आहे?

येथूनच आरंभ करून त्या मुलीनें जी वाट योजिली होती, ती आम्ही तिच्या कागदावरून येथें देतों. शेअर रिक्षानें विठ्ठलवाडी, तेथून लोकलनें कल्याण, आणि कल्याणच्या स्टँडवरून माळशेजकडे जाणारी एस. टी. मुरबाड, टोकावडें मागें टाकून वैशाखऱ्यापुढें उतरावें आणि नाणेघाटाची दगडी वाट पायीं चढावी. प्राचीन काळीं कल्याण बंदरांतील माल याच वाटेनें जुन्नर आणि पैठणकडे जात असे. माथ्याजवळच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपींतील लेख आहे. तींत यज्ञांत दिलेल्या गाईंची, घोड्यांची व नाण्यांची गणती अंकांत कोरलेली असून हे अंक भारतांतील अतिप्राचीन अंकलेखनांत गणले जातात. वर आल्यावर जो दगडी रांजण दिसतो, त्यांत जकात टाकीत असत असें परंपरा सांगते. पुढें घाटघरहून जुन्नर, तेथें शिवनेरी आणि लेण्याद्रि. जुन्नरहून नारायणगांवावरून एस. टी.नें पुणें, आणि पुण्याहून रेल्वेनें, १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटांतून उतरून कर्जत. कर्जतहून लोकल धरली कीं, नेरळ, वांगणी, बदलापूर, अंबरनाथ करीत माणूस आपल्या दारीं येतो. दोन हजार वर्षांच्या इतिहासाची ही प्रदक्षिणा. हिचें सारें गाडीभाडें एका बऱ्याशा उपाहारगृहांतील चौघांच्या जेवणापेक्षां अधिक होऊं नये.

परंतु पाहण्याच्या यादीपेक्षां पाहण्याची रीत महत्त्वाची. सहल कंपनीच्या गाडींत प्रवाशाला फक्त बसावयाचें असतें. चहा केव्हां घ्यावा हेंहि दुसरा ठरवितो. एकट्या प्रवाशास वेळापत्रक वाचावें लागतें, चुकलेल्या गाडीचा राग गिळावा लागतो, कंडक्टरला नम्रपणें विचारावें लागतें, आणि शेजारच्या आजीबाईंच्या गांवीं यंदा पाऊस कसा झाला हें ऐकून घ्यावें लागतें. चार माणसांच्या घोळक्यांत कोणी परक्याशीं बोलत नाहीं. एकट्यास बोलल्यावांचून गत्यंतर नसतें. आमच्या शाळा जें शिकवीत नाहींत, तें ही गरज शिकविते.

येथें दुसऱ्या बाजूचेहि कान उपटणें प्राप्त आहे. अलीकडे कांहीं तरुण स्वस्त प्रवासाची फुशारकी मारीत हिंडतात. करवंदें विकणाऱ्या बाईशीं दोन रुपयांसाठीं हुज्जत घालावयाची, गरिबाच्या घरीं फुकट जेवावयाचें आणि तें आपलें चातुर्य म्हणून सांगत सुटावयाचें, यास काटकसर म्हणत नाहींत. काटकसर स्वतःच्या सुखसोयींत करावयाची असते, दुसऱ्याच्या कमाईंत नव्हे. असल्या प्रवाशापेक्षां घरीं बसणारा बरा.

आतां मुख्य मुद्दा. पुणें-अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजीं पहिली एस. टी. धावली, तेव्हांपासून खेड्यांतील मुलीची शाळा, बाळंतिणीचें रुग्णालय आणि म्हाताऱ्याची पंढरी या गाडीवर अवलंबून राहिली. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत लागू झाली. सरकारनें अर्धें भाडें सोडलें. आमच्या घरांनीं मात्र अर्धी परवानगीहि सोडली नाहीं. २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस. टी.चा दीर्घ संप चालला, तेव्हां खेड्यांचे हाल झाले. आमच्या वर्गानें तो संप वर्तमानपत्रांतील एक बातमी म्हणून वाचला, कारण आमचें कोणी त्या गाडींत नव्हतें. अर्ज लिहिणारा, नगरसेवकाकडे जाणारा, वृत्तपत्रांत पत्र धाडणारा वर्ग एखाद्या वाहनांतून उतरून गेला कीं, तें वाहन मुकें होतें. मग स्टँडवरचा दिवा विझतो तो विझतोच, आणि अंधारांत उभी राहते ती मुरबाडची मुलगी. तो अंधार दाखवून आम्ही आपल्या मुलीला सांगतों, "पाहा, म्हणूनच तुला पाठवीत नाहीं!"

हें चक्र कोठेंतरी तोडलें पाहिजे, आणि तें आमच्याच घरांतून तोडतां येण्यासारखें आहे. एस. टी.चे चार व सात दिवसांचे 'आवडेल तेथे प्रवास' पास याच कामाचे आहेत. आमची वाचक-कुटुंबांस एवढीच विनंती आहे कीं, पुढील सुटींत घरांतील एका तरी जाणत्या मुलानें अथवा मुलीनें एकट्यानें असा प्रवास करावा. आणि परत आल्यावर जेथें दिवा नव्हता, जेथें पाणी नव्हतें, त्या स्टँडविषयीं घरांतील वडीलधाऱ्यांनीं आगारप्रमुखांस एक पत्र लिहावें. आमच्या परिचयाच्या त्या मुलीचा कागद अद्याप तिच्या टेबलाच्या खणांत आहे, असें ऐकतों. दिवाळीची सुटी फार दूर नाहीं. तिच्या वडिलांनीं हा लेख वाचला, तर त्यांनीं तो कागद एकवार मागून घ्यावा.