काटा खरं बोलतोय का?

दोस्तांनो, या आठवड्याचा विषय एका पत्रातून आलाय. नववीतली एक मैत्रीण लिहिते, "आमचा मामा जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करतोय. इंजिन झालं, रंग झाला. आता डॅशबोर्डवर बाहेरचे जादा मीटर लावायचे म्हणतोय. आई म्हणते, हा नुसता दिखावा! खरं काय?"

आईचं थोडं खरं आहे. निळ्या-लाल दिव्यांचे झगझगीत मीटर बाजारात ढिगाने मिळतात आणि त्यातले कितीतरी फक्त शोभेचे असतात. पण मामाही चुकत नाही बरं का! ही गाडी १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून तयार होऊ लागली. पुढे तीच पद्मिनी झाली आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावली. आजी-आजोबांना विचारा, मे महिन्यात बोरघाट चढताना किती गाड्या बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असायच्या! पाणी उकळत असताना गाडी तशीच दामटली, तर हेड गॅस्केट जळतं, हेड वाकडं होतं. आणि आज या गाडीचा एकेक भाग शोधायला वणवण करावी लागते. म्हणून धोका आधी सांगणारा काटा हवाच. फक्त तो खरं सांगणारा हवा.

आता गंमत ऐका. डॅशबोर्डवरचा काटा स्वतः काहीच मोजत नाही! मोजणारा असतो लांब, इंजिनात किंवा टाकीत बसलेला सेंडर. पेट्रोलच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो, फ्लशच्या टाकीत असतो तसाच. पेट्रोल कमी झालं की तो खाली येतो आणि विजेच्या वाटेतला अडथळा, म्हणजे रोध, बदलतो. मीटर बिचारा तेवढाच रोध ओळखतो आणि काटा हलवतो.

पण कुठला रोध म्हणजे टाकी भरलेली? इथे जगाचं एकमत नाही. अमेरिकी पद्धतीच्या पुष्कळ मीटरांत २४० ओहम म्हणजे रिकामी आणि ३३ ओहम म्हणजे भरलेली. युरोपातल्या व्हीडीओसारख्या कंपनीच्या बऱ्याच मीटरांत नेमकं उलटं, १० म्हणजे रिकामी आणि १८० म्हणजे भरलेली. समजा, मामाने एकाचा सेंडर आणि दुसऱ्याचा मीटर जोडला. काटा अगदी झोकात हलेल, पण टाकी रिकामी झाली की 'फुल' दाखवेल! बंद पडलेला मीटर परवडला, निदान त्याच्यावर कुणी विसंबत तरी नाही. तेव्हा मामाला सांगा, मीटर आणि सेंडर ही जोडी एकत्रच विकत घे. जुन्या बाजारात सुटा, देखणा मीटर मिळाला तरी त्याचा सेंडर कुठला हे कळेपर्यंत पैसे खिशातच राहू देत.

बरेच सेंडर आपल्या आट्यांमधूनच इंजिनाशी अर्थिंग करतात. गळती नको म्हणून कुणी आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली, की अर्थिंग तुटतं आणि काटा भलतंच काही सांगू लागतो.

काही मीटरांना वीज लागतच नाही. वाढदिवसाला फुंकतात ती गुंडाळी सुटणारी पिपाणी आठवा. फुंकली की सरळ, थांबलं की पुन्हा गोल. तशीच धातूची वाकडी नळी वापरून दाब मोजायची युक्ती फ्रान्सच्या यूजीन बूर्दाँ यांनी १८४९ मध्ये काढली. यांत्रिक ऑइल प्रेशर मीटर तिच्यावरच चालतो. तो साधा आणि भरवशाचा, पण त्यासाठी गरम ऑइलची बारीक नळी थेट आपल्या गुडघ्यांपर्यंत आणावी लागते. ती तडकली तर? मला विचाराल तर घरच्या गाडीला विजेवरचाच बरा.

मामाला दोनच मीटर परवडत असतील, तर मी ऑइल प्रेशर आणि टेंपरेचर निवडीन. ऑइलचा दाब गेला तर इंजिन जाम व्हायला फारसा वेळ लागत नाही. मात्र मीटर आला म्हणून डॅशबोर्डवरचा लाल दिवा काढू नका हं! काटा गपचूप खाली येतो, दिवा डोळ्यांत भरतो. दोन्ही हवेत, आणि टी-जोड लावून दोन्ही बसवता येतात. टेंपरेचरच्या काट्याचीही एक खोड आहे. पाणी गळून संपलं आणि सेंडर कोरडा पडला, की तो उलट कमी तापमान दाखवू शकतो. घाटात काटा एकाएकी खाली आला तर खूश होऊ नका, गाडी बाजूला घ्या. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही!

तिसरा मीटर घेतलाच, तर अँमीटरऐवजी व्होल्टमीटर घ्यावा. जुन्या अँमीटरमधून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह वाहतो. त्याची जाड वायर सैल झाली की आगीची भीती. व्होल्टमीटरला बारीक वायर पुरते. इंजिन बंद असताना साधारण साडेबारा आणि चालू असताना चौदाच्या आसपास दिसलं, की बॅटरी चार्ज होतेय.

असे छोटे मीटर बहुधा ५२ मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यांच्यासाठी जुन्या डॅशबोर्डला भोकं पाडायची मात्र नाहीत, ती पुन्हा बुजत नाहीत. खालच्या कडेला वेगळी पट्टी टांगून तिच्यात बसवावेत. शर्यतीच्या गाड्यांतली एक युक्तीही करता येईल. सगळं ठीक असताना प्रत्येक काटा सरळ वर, बाराच्या दिशेने राहील असे मीटर फिरवून बसवतात. मग आकडे वाचायची गरजच नाही, वाकडा झालेला काटा एका नजरेत सापडतो.

मीटर गाडीत पक्का करण्याआधी घरी त्याची परीक्षा घ्या, पण मोठ्यांना सोबत घेऊनच. मामाला मीटर बॅटरीला जोडू द्या. सेंडरच्या अंगाला अर्थिंगची वायर लावा आणि त्याचं टोक उकळत्या पाण्याच्या पातेल्यात धरा. मुंबईत काटा १०० अंशांच्या जवळपास यायला हवा. महाबळेश्वरला मामाच्या हातात हाच मीटर ९५-९६ दाखवू लागला, तर तो दुकानात परत करायचा का? उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा, कारणासकट!