माहुलच्या तेलटाक्या आणि कराचीतली पाणबुडी

युद्धस्मारकात हुतात्म्यांच्या नावांबरोबर प्रत्यक्ष युद्धसेवेतली वाहने, म्हणजे रणगाडे, चिलखती गाड्या, विमाने आणि लढाऊ नौका, जतन करावीत की नाही, हा प्रश्न महाराष्ट्रात सहसा एखादी नौका भंगारात निघते तेव्हाच उपस्थित होतो आणि ती मोडून संपली की विसरला जातो. 'विक्रांत'च्या बाबतीत तो २०१४ साली न्यायालयापर्यंत गेला, 'विराट'च्या बाबतीत २०२० नंतर पुन्हा गेला. दोन्ही नौका अखेर मोडल्या गेल्या, आणि दोन्ही वेळा त्या निर्णयाच्या समर्थनार्थ पुढे आलेली कारणेही जवळजवळ तीच होती. त्यांतले एक कारण खरे आहे परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, काही अर्धवट आहेत, आणि एक तर केवळ सोयीचे आहे.

खरे कारण खर्चाचे. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका, म्हणजे जिच्या सपाट डेकवरून विमाने उडतात आणि जिच्यावर ती परत उतरतात अशी युद्धनौका, ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली, १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरातून तिच्यावरील विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी ती सेवानिवृत्त झाली. त्यानंतर काही वर्षे ती मुंबईत तरते संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली होती, परंतु सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ साली ते बंद झाले; कायमस्वरूपी संग्रहालय परवडणारे नाही अशी भूमिका राज्य शासनाने घेतली, नौका सुमारे साठ कोटी रुपयांना विकली गेली, आणि न्यायालयीन अडथळे दूर झाल्यावर नोव्हेंबर २०१४ मध्ये दारूखान्यात तिची मोडणी सुरू झाली. दोनशे मीटरहून अधिक लांबीचा पोलादी सांगाडा खाऱ्या पाण्यात तरता ठेवणे अतिशय महाग असते, कारण पाण्याखालच्या भागाला सतत गंज चढतो आणि तो काढण्यासाठी नौका ठराविक काळाने सुक्या गोदीत न्यावी लागते. येथपर्यंत पूर्वपक्षाचे म्हणणे निर्विवाद आहे.

मात्र यातून एवढेच सिद्ध होते की नौका तरती ठेवणे हा जतनाचा सर्वांत खर्चिक मार्ग आहे. जतनच अशक्य आहे, हे सिद्ध होत नाही. विशाखापट्टणमला 'कुरसुरा' ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये सेवानिवृत्त झाल्यावर पाण्यातून ओढून समुद्रकिनाऱ्यावर पक्क्या पायावर बसवण्यात आली आणि २००२ पासून ती लोक पाहत आहेत. जपानमधील योकोसुका येथील 'मिकासा' ही १९०५च्या त्सुशिमाच्या सागरी लढाईतली नौकाही जमिनीत पक्की करून ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची दुरवस्था झाली होती, तरी लोकांच्या प्रयत्नांनी ती दुरुस्त होऊन १९६१ साली पुन्हा खुली झाली. 'विक्रांत' आकाराने या दोघींहून पुष्कळ मोठी होती हे मान्य केले, तरी तिच्या बाबतीत सेवानिवृत्तीनंतरची पंधरा वर्षे कोणताही ठाम निर्णय न घेता काढली गेली आणि त्या पंधरा वर्षांच्या गंजाचा हिशेब अखेर जतनाच्या खात्यात लिहिला गेला, ही गोष्ट पूर्वपक्ष सांगत नाही. विलंब शासनाचा आणि दोष वस्तूच्या वयाचा, असा हा युक्तिवाद आहे.

'विराट' या दुसऱ्या विमानवाहू नौकेची गोष्ट याहून बोधप्रद आहे. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली आणि १ नोव्हेंबर २०१८ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गातल्या निवतीजवळच्या समुद्रात ती संग्रहालय व सागरी साहस पर्यटनाचे केंद्र म्हणून उभी करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. ही योजना मुळात स्मारकाची नव्हतीच. ती पर्यटनाची होती आणि नौका तिचे निमित्त होती, त्यामुळे पर्यटनाचे गणित जुळेना तेव्हा नौकेची बाजू घेणारे कोणी उरले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'विराट' गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर मोडण्यासाठी चढवली गेली. जतनाचा विचार ज्या क्षणी उत्पन्नाच्या विचाराला जोडला जातो, त्या क्षणी जतनाचा पराभव ठरलेला असतो, कारण युद्धवाहनाची देखभाल स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकत नाही, आणि तशी अपेक्षा ग्रंथालयाकडून किंवा अभिलेखागाराकडूनही कोणी करत नाही.

दुसरे कारण असे सांगितले जाते की वाहन मोडले तरी त्याचे लोखंड नष्ट होत नाही, ते नव्या रूपात जगते. 'विक्रांत'च्या धातूचा अंश वापरून बजाज कंपनीने २०१६ साली 'व्ही' ही मोटारसायकल बाजारात आणली, आणि त्याच वर्षी जानेवारीत नौदल गोदीच्या लायन गेटसमोर त्याच धातूतून घडवलेले एक शिल्पही उभे राहिले. शिल्प सुंदर आहे, यात वाद नाही. तथापि युद्धवाहनाचे मोल त्याच्या धातूत नसून त्याच्या रचनेत असते: खलाशी किती अरुंद जिन्याने उतरत, यंत्रकक्षात किती जागा होती, दुरुस्तीचे ठिगळ कोठे बसवले होते. १९७१ साली 'विक्रांत'च्या बाष्पकांपैकी, म्हणजे इंजिनासाठी वाफ तयार करणाऱ्या पात्रांपैकी, एकाला तडे गेलेले होते आणि त्यामुळे कमी वेगाने चालत ती युद्धात उतरली. हे धाडस समजायला तो बाष्पक पाहावा लागतो, आणि वितळलेल्या लोखंडात तो कोणालाही दिसत नाही. हेच ते सोयीचे कारण होय: ज्यांना वस्तू ठेवायची नव्हती त्यांनी तिचे नाव ठेवले आणि त्यालाच स्मरण म्हटले.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो बहुधा शांततावादी विचारवंतांकडून येतो. चौकाचौकांत रणगाडे आणि विमाने उभी केल्याने युद्धाचे उदात्तीकरण होते, मुले तोफेवर चढून छायाचित्रे काढतात, आणि मृत्यूचे यंत्र बागेतली शोभा बनते, असे त्यांचे म्हणणे आहे. सध्याची पद्धत पाहता हा आक्षेप बऱ्याच अंशी लागू पडतो. निवृत्त रणगाडा चौथऱ्यावर चढवायचा, दर राष्ट्रीय सणाआधी त्यावर चकचकीत हिरवा रंग चोपडायचा, फलकावर मोठ्या अक्षरांत लोकार्पण करणाऱ्यांची नावे कोरायची आणि त्या रणगाड्याचा क्रमांक, त्याची रेजिमेंट, त्यातून लढलेली माणसे यांविषयी एक ओळही लिहायची नाही, अशा प्रकारच्या 'स्मारका'चे समर्थन करण्याची येथे इच्छा नाही. ते खुशाल मोडीत काढावे.

परंतु उदात्तीकरण होते ते वस्तूमुळे नव्हे, तिच्याविषयीच्या मौनामुळे. अहिल्यानगर येथे आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्राने १९९४ साली उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात 'रोल्स-रॉइस'च्या चिलखती गाडीपासून जपानी 'हा-गो', १९६५च्या युद्धाची आठवण देणारा 'पॅटन' आणि आवडी येथे बनलेला 'विजयंता' यांपर्यंतची वाहने एका आवारात आहेत. 'विजयंता'त चार माणसे बसत. ती पोलादी जागा प्रत्यक्ष पाहिल्यावर आणि राजस्थानच्या उन्हात ती किती तापत असेल याचा अंदाज केल्यावर युद्धाविषयीचा रम्य समज टिकत नाही. गुळगुळीत ब्राँझचा अश्वारूढ पुतळा युद्ध जितके सुंदर करून दाखवतो, तितके खरे वाहन कधीच दाखवत नाही. म्हणून शांततावाद्यांनी तर खऱ्या वाहनाच्या बाजूने उभे राहायला हवे.

चौथे मत असे की स्मारक माणसांचे असते, यंत्रांचे नव्हे, आणि म्हणून कोरलेली नावे पुरेशी आहेत. नावांचा अग्रमान कोणीही नाकारणार नाही. पण दीवच्या किनाऱ्यावरील स्मारकाचे उदाहरण पाहावे. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री 'खुकरी' ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची पाणबुडीविरोधी नौका, पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ खलाशी त्यात मृत्युमुखी पडले. मूळ नौका समुद्रतळाशी असल्याने स्मारकात तिची प्रतिकृती ठेवावी लागली, आणि पुढे त्याच नावाची दुसरी नौका निवृत्त झाल्यावर २०२२ साली दीवच्या प्रशासनाकडे सोपवण्यात आली. नावे पुरेशी असती तर ही धडपड कोणी केली नसती. आणि ज्या 'हंगोर' पाणबुडीने 'खुकरी' बुडवली, जी त्याआधी मुंबईच्या आसपासच्या समुद्रात पाळत ठेवून होती, ती पाकिस्तानने कराचीच्या सागरी संग्रहालयात जपून ठेवली आहे. त्याच युद्धातली आपली विमानवाहू नौका मात्र आपण भंगारात विकून मोडू दिली.

हा विषय माहुलच्या संदर्भात पाहिला की त्याला निश्चित आकार येतो. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, शिवडीसमोरच्या चिखलपट्ट्यांच्या पलीकडे वसलेल्या या जुन्या गावाच्या परिसरात १९५४ साली स्टँडर्ड व्हॅक्यूमचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. आज ते अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमकडे आहेत. डिसेंबर १९७१ मध्ये मुंबईत दिवे मालवले जात होते, तेव्हा शत्रूला ठाऊक असलेली जी मोजकी लक्ष्ये या शहरात होती त्यांत या कारखान्यांच्या तेलटाक्या अर्थातच होत्या. त्या सुरक्षित राहिल्या. पेटल्या त्या कराचीतल्या कियामारीच्या टाक्या, आणि त्या पेटवण्यात हवाई दलाइतकाच वाटा मुंबईच्या पश्चिम नौदल विभागातील क्षेपणास्त्र नौकांचा होता. ४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन नौकांनी कराचीवर जो हल्ला केला, त्याच्या स्मरणार्थ नौदल दिन पाळला जातो.

सोव्हिएत बनावटीच्या या नौका मुळात बंदराच्या संरक्षणासाठी आखलेल्या होत्या. लांबी जेमतेम अडतीस-एकोणचाळीस मीटर, वर चार क्षेपणास्त्रे, आणि पल्ला इतका कमी की त्यांना सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ आणून मोठ्या नौकांच्या सोबतीने पुढे न्यावे लागले. याच जातीची 'चपल' ही नौका कारवारच्या किनाऱ्यावर ठेवलेली आहे. तिच्याशेजारी उभे राहिल्यावर प्रथम जाणवतो तो तिचा लहानपणा, आणि एवढ्याशा नौका शत्रूच्या मुख्य बंदरावर पाठवण्याच्या निर्णयात काय जोखीम होती ते कोणत्याही भाषणाविना कळते. माहुलच्या किनाऱ्यावर कोणाला स्मारक उभारायचेच असेल तर तेथे रणगाडा पूर्णपणे निरर्थक आहे. नौकेचा, किंवा नौकेच्या एखाद्या भागाचा, संबंध मात्र थेट आहे. कल्याणला दुर्गाडी किल्ल्यालगत नौदलाची 'टी-८०' ही उथळ पाण्यातली जलद नौका आणली गेली, तेथेही हेच तत्त्व आहे, कारण शिवकालीन आरमाराच्या आरंभाशी त्या खाडीचे नाते आहे.

यावर माहुलमधूनच एक हरकत येईल आणि तिचा मान राखला पाहिजे. येथील हवा इतकी वाईट की प्रकल्पग्रस्तांना येथे सक्तीने राहायला पाठवू नये असे मुंबई उच्च न्यायालयाला २०१९ साली सांगावे लागले. तेथे आधी श्वास घेण्याजोगी हवा द्या, स्मारके नंतर पाहू, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर नाही. शिवाय खारी हवा आणि कारखान्यांचे वायू यांत उघडे पोलाद लवकर कुजते, हा तांत्रिक मुद्दाही त्याच हरकतीला बळ देतो. म्हणून छप्पर, गंजरोधक देखभालीची कायम तरतूद आणि जबाबदार संस्था या तीन गोष्टी लेखी ठरल्याखेरीज एकही वाहन, माहुलला असो वा अन्यत्र, स्मारकासाठी स्वीकारले जाऊ नये. पूर्ण नौका झेपत नसेल तर तिचा नियंत्रणकक्ष, एखादी तोफ किंवा क्षेपणास्त्राची पेटी ठेवावी. परंतु तो भाग मोडणीपूर्वी निवडून, मोजून, छायाचित्रांसह नोंदवून वेगळा काढला पाहिजे, लिलावानंतर भंगारवाल्याकडून मागून आणलेला नव्हे.

संरक्षण खात्याने निवृत्तीच्या आदेशाबरोबरच प्रत्येक युद्धसेवेतल्या वाहनाची अशी नोंद सक्तीची करावी आणि राज्य शासनाने आपली मागणी नौका निवृत्त होण्याआधी कळवावी, नंतर नव्हे. त्याहूनही निकडीचे काम वेगळे आहे. १९७१ साली विशीत असलेले खलाशी आणि रणगाडाचालक आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांतले अनेक कोकणात, साताऱ्यात आणि मुंबईच्या उपनगरांत राहतात. कोणते वाहन कोठे ठेवायचे हे ठरेपर्यंत थांबू नये, त्यांच्या तोंडून त्या वाहनांची माहिती याच वर्षी नोंदवून घ्यायला सुरुवात करावी.