पेटीतली जीप

मैत्रिणींनो, ज्या घरात 'बदली' हा शब्द उच्चारला जातो, त्या घरातल्या गृहिणीला पुढचं काही सांगावं लागत नाही. आमच्या ह्यांची बँकेतली नोकरी. लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि या एप्रिलमध्ये चौथी बदली आली, सांगलीहून जळगावला. सामान बांधण्यात मी आता चांगली पटाईत झाले आहे. काचेच्या बरण्या जुन्या साड्यांत, पितळी डबे एकात एक, प्रत्येक खोक्यावर नंबर आणि वहीत त्याची यादी. गॅसची शेगडी, चहा-साखर आणि एक पातेलं 'आधी उघडायचे' असं लिहिलेल्या खोक्यात. शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "बांधाबांध शिकावी ती तुमच्याकडून!"

पण या खेपेला मलाच बांधाबांध शिकावी लागली. शिकवणारा आमचा निखिल, यंदा नववीत गेलेला, आणि शिकवायचं साधन म्हणजे बोटभर लांबीची एक जीपगाडी!

बदलीची बातमी कळल्यावर निखिल रडला नाही, भांडलाही नाही. त्यानं बोलणंच बंद केलं. 'जेवायला ये' म्हटलं की यायचा, 'झालं' म्हणून उठायचा. वाढदिवसाला त्याच्या मामानं जीपच्या मॉडेलचा एक संच दिला होता, तो इतके दिवस कपाटावर पडून होता. नेमका तो याच आठवड्यात निघाला. टेबलावर वर्तमानपत्रं, ब्लेड, डिंक, काड्यांचा ढीग. मी वैतागलेच. म्हटलं, "अरे, सगळं घर खोक्यात चाललंय आणि तू नवा पसारा कसला मांडतोस?"

वर न बघता म्हणाला, "मीसुद्धा खोकंच करतोय."

आणि खरंच, संचात चालती जीप होती, पण याला ती करायचीच नव्हती. त्याला हवी होती लाकडी पेटीत बांधलेली जीप. एक जुनं छायाचित्र त्यानं कुठूनसं मिळवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या. त्यांतल्या कितीतरी बोटीनं दूर देशी पाठवल्या गेल्या, आणि बोटीवर प्रश्न वजनापेक्षा जागेचा. छप्पर उभं असताना जीप जवळजवळ पावणेदोन मीटर उंच. पण पुढची काच आडवी केली, स्टिअरिंगचं चाक आणि गाडीची चारी चाकं काढली, की उंची निम्म्याच्या आसपास येते. मग पेट्या एकावर एक रचता येतात. खाऱ्या हवेनं गंज चढू नये म्हणून लोखंडाला ग्रीस, सुटे भाग वेगळे बांधलेले, आणि पेटीवर वजन-मापं रंगानं छापलेली. आपण पितळी डबे एकात एक घालतो, त्यातलाच हा प्रकार नाही का?

निखिलनं ही पेटी कशी केली ते सांगते, कारण तुमच्याही घरात सुट्टीत 'काय करू?' म्हणून मागं लागणारं कुणी असेलच.

मॉडेल ३५ पट लहान असतं. खरी जीप सुमारे ३३३ सेंटीमीटर लांब, म्हणून मॉडेल साडेनऊ सेंटीमीटर. प्लॅस्टिकचे भाग एका चौकटीला चिकटलेले येतात. ती चौकट आधी भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावी, नाहीतर तिच्यावरच्या तेलकटपणामुळं रंग धरत नाही. भाग पिरगाळून तोडू नयेत. नेलकटरनं कापावेत आणि नखं घासायच्या कानशीनं कडा साफ कराव्यात. कुठलाही भाग चिकटवण्याआधी नुसता बसवून बघावा. ब्लाउज शिवण्याआधी आपण टाचून बघतो ना, तसंच.

काच बॉनेटवर आडवी ठेवायची. स्टिअरिंग आणि चाकं जोडायची नाहीत, गाडीच्या आतच रचायची. रंग मात्र आधी, कारण पेटीत गेल्यावर ब्रश आत पोचत नाही. पेटीसाठी सुताराकडून व्हीनिअरचे तुकडे आणावेत. अर्ध्या मिलिमीटरचं व्हीनिअर ३५ पटीनं जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटरची फळी होते. आडवे-उभे दांडे काडेपेटीच्या काड्यांचे, गुल कापून टाकलेल्या. काडी दोन मिलिमीटरची, म्हणजे खरा दांडा सात सेंटीमीटरचा! आधी तळ करावा, त्यावर गाडी पक्की बसवावी, मगच भिंती उभ्या कराव्यात. एक बाजू उघडी ठेवावी, नाहीतर केलेलं दिसणार कसं? खिळ्यांच्या जागी कंपासच्या टोकानं बारीक टोचे. लाकूड नवं कोरं दिसू नये म्हणून चहाच्या कडक पाण्याचा हात फिरवावा. (आमच्या घरचा चहा प्रथमच वाया गेला नाही!) लाकडाला फेव्हिकॉल चालतो. प्लॅस्टिकचा पातळ डिंक आणि थिनर मात्र पेट घेणारे असतात, त्यामुळं खिडकी उघडी हवी आणि काम स्वयंपाकघरापासून लांब हवं, बरं का!

पेटीला शेवटच्या फळ्या लागत होत्या, तेव्हा मी कणीक मळत होते. निखिल आपणहून बोलायला लागला. म्हणाला, "आई, बांधणारा वेगळा असायचा आणि उघडणारा वेगळा. अमेरिकन गाड्यांच्या पेट्या इराणात जायच्या. अंदिमेश्क आणि खोर्रमशहरला त्या उघडून गाड्या जोडायचे. तिथे इराणी कामगार होते, आणि जोडलेल्या गाड्या पुढे रशियाला जायच्या. बांधणाऱ्यानं एक नट जरी विसरला, तरी तिकडे गाडी उभी राहायची नाही."

स्वातंत्र्यानंतर आपल्या मुंबईतही महिंद्र कंपनीनं विलीजच्या जीपगाड्या आलेल्या भागांतूनच जोडायला सुरुवात केली, एवढं मलाही ठाऊक होतं. मी ते सांगितलं. बोलतोय म्हटल्यावर मला बरं वाटलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "मागच्या वेळी माझा पत्र्याचा डबा तुझ्या यादीत नव्हता."

कुठला डबा, मला आठवेचना. मग आठवला. रत्नागिरीहून निघताना तो नऊ वर्षांचा होता. बिस्किटांच्या डब्यात शंख-शिंपले, बाटल्यांची झाकणं आणि एक वही. त्या वहीत वर्गातल्या मुलांनी नावं आणि पत्ते लिहिले होते. मी तो डबा रद्दीवाल्याला देऊन टाकला होता. नव्या घरात जागा कमी होती आणि मला तो निव्वळ कचरा वाटला होता. वही आहे हे मी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं.

"तेव्हाच का नाही बोललास?" मी विचारलं.

"तू यादी वाचत होतीस," तो म्हणाला.

मैत्रिणींनो, माझ्या यादीत एकशे बारा वस्तू होत्या. खलबत्ता होता, पाट होते, फुटकी कुंडीसुद्धा होती. मुलाचं काही नव्हतं. कणकेच्या हातानं मी तशीच उभी राहिले. 'चुकलं माझं' म्हणायला आईला किती वेळ लागतो! पण म्हटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी माळ्यावरची छोटी ट्रंक काढून पुसली आणि त्याला दिली. सांगितलं, "यात काय घालायचं ते तू ठरव. यादी तुझ्या अक्षरात. मी बघणार नाही." आणि नाही बघितलं, जड गेलं तरी. त्यानं निघायच्या आधी मित्रांना घरी बोलावलं. चार मुलं जीप बघायला आली, रात्री नऊपर्यंत बसली, आणि बांधलेल्या खोक्यांवरच बसून पोहे खाल्ले. या वेळी वही कुणी भरली, ते मी विचारलं नाही.

जळगावात येऊन आता दोन महिने झाले. निखिलला इथे फार मित्र झालेत असं मी सांगणार नाही, ते खरं होणार नाही. ट्रंक मात्र हळूहळू रिकामी होते आहे. प्रवासात पेटीची एक फळी निघाली, ती त्यानं परवा चिकटवली. जीप अजून पेटीतच आहे. "चाकं कधी बसवणार?" असं एकदा विचारलं, तर म्हणाला, "बघू." मी पुन्हा विचारलं नाही. उघडायची वेळ उघडणाऱ्यानं ठरवावी.

माझ्याही एका खोक्याची दोरी अजून सुटलेली नाही. सांगलीच्या शाळेतली माझी अर्धवेळ नोकरी बदलीबरोबर गेली, आणि प्रमाणपत्रांची फाईल त्या खोक्यात तळाशी आहे. आज निखिल शाळेत गेला की ते उघडणार आहे.

तुमच्याकडे बदली आली, घर बदलायची वेळ आली, किंवा नुसती दिवाळीची आवराआवर निघाली, तरी एक करा. घरातल्या प्रत्येक मुलाला एक खोकं रिकामं द्या. त्यात काय जाईल हे त्याचं त्याला ठरवू द्या. आणि तुम्हाला कचरा वाटेल ते टाकण्याआधी, एकदा विचारा.