आधी लगीन कशाचे?

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. पुढ्यात फराळाचे ताट, अंगणात मुलांचा किल्ला, आणि अशा वेळी कुणी तावातावाने बोलू लागला तर घरची मंडळी त्याच्या हातावर आणखी एक करंजी ठेवून त्याला गप्प करतात. तरीही आज मी भांडणार आहे. तेही कुणा माणसाशी नव्हे, तर हल्ली ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असते त्या कामांच्या यादीशी. माझा आरोप असा, की ही यादी माणसाला दिवसभर उद्योगात ठेवते आणि नेमके अडलेले काम अडलेलेच ठेवते. आरोप मोठा आहे हे मला ठाऊक आहे. पुरावा घरचाच देतो.

माझे राहणे डोंबिवलीला, नोकरी ठाण्याला. थोरले बंधूही ठाण्यालाच असतात. दोन वर्षांपूर्वीच्या माघात आमचे अण्णा गेले. दिवसकार्य आटोपल्यावर पुतणीने माझ्या फोनमध्ये एक यादी घालून दिली. मुलगी हुशार, हेतू चांगला. एकंदर सत्तावीस कामे होती. सोसायटीच्या भागपत्रावरचे नाव बदलणे, विजेच्या बिलावरचे नाव, गॅसच्या पुस्तकावरचे नाव, बँकेतल्या ठेवी, आणि सर्वांत वर आईचे कुटुंब-निवृत्तिवेतन सुरू करणे. प्रत्येक कामापुढे तारीख, आणि महत्त्वाप्रमाणे एक, दोन किंवा तीन चांदण्या. काम झाले की बोटाने टिचकी मारायची. ओळ खोडली जाते आणि किणकिण असा मंजुळ आवाज होतो. "काका, आता तुमचे काही म्हणजे काही राहायचे नाही," ती म्हणाली.

पाच महिन्यांत मी तो मंजुळ आवाज एकोणीस वेळा ऐकला. वीज झाली, गॅस झाला, वाचनालयाची वर्गणीसुद्धा झाली. निवृत्तिवेतन मात्र तीन चांदण्या मिरवीत होते तिथेच होते. तारीख उलटली की ती ओळ लाल होई. मग मी तारीख पुढे ढकली आणि ती पुन्हा काळी होई. या उपायाने मला फार बरे वाटत असे, हे कबूल करतो.

झाले होते ते असे. निवृत्तिवेतनाच्या कागदावर आईचे नाव इंग्रजीत एका तऱ्हेने लिहिलेले आणि आधार कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. फरक एका अक्षराचा. बँक म्हणाली, आधार दुरुस्त करून आणा. आधार केंद्र म्हणाले, बरोबर नावाचा, फोटो असलेला दुसरा पुरावा आणा. पॅन कार्ड चालेल. पॅन कार्ड काढायला जावे, तर त्याला आधार हवे, आणि नाव आधारप्रमाणेच येणार! तिन्ही ठिकाणची माणसे सभ्य होती आणि नियमाला धरून बोलत होती. मी सुट्ट्या काढून या तिघांमध्ये प्रदक्षिणा घालीत होतो. यादीत या तीन कामांच्या तीन निरनिराळ्या ओळी, तिघींना निरनिराळ्या तारखा. तिघी एकमेकींचा पदर धरून उभ्या आहेत, हे त्या यादीत कुठेच दिसत नव्हते.

आईने तक्रार केली नाही. पण तिने आपण होऊन दूध एक लिटरचे अर्धा लिटर केले. महिन्याच्या सुरुवातीला औषधांच्या पैशांसाठी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन ती आधी "कामात आहेस का रे?" असे विचारू लागली. अण्णांच्या हयातीत घरखर्चाचे पाकीट तिच्या हाती असे. पैसे आम्ही तिच्याकडे मागत असू.

शेवटी केंद्रावरच्या एका वयस्क बाईंनी मला थांबवून विचारले, "आजींजवळ आधारच्या आधीचा एखादा कागद नाही का?" घरी येऊन आईची ट्रंक उघडली. लुगड्यांच्या घडीखाली तिचे जुने मतदार ओळखपत्र निघाले. नाव अक्षरन् अक्षर बरोबर! त्यावरून आधार दुरुस्त झाले, आधारवरून बँक मानली, आणि पुढे निवृत्तिवेतन थकबाकीसह सुरू झाले. आता गंमत अशी, की 'आईची ट्रंक आवरणे' हे काम यादीत होतेच. तेविसावे. चांदणी एक, तारीख नाही.

कुणी म्हणेल, दोष यादीचा नव्हे, तुमचा. एवढे तुम्हाला कळायला हवे होते. मान्य. परंतु मला सारे कळत असते तर मी यादी कशाला बाळगली असती? माझी तक्रार हीच आहे. यादी प्रत्येक कामाला दोनच प्रश्न विचारते: तू किती महत्त्वाचे, आणि तुझी तारीख कोणती? 'तू कशावाचून अडले आहेस?' हा तिसरा प्रश्न तिला सुचत नाही. आणि संसारातली निम्मी कामे तर या तिसऱ्या प्रश्नापाशीच घुटमळत असतात.

महत्त्व आणि आधी या दोन वस्तूंचा आपल्याकडे पूर्वीपासून घोटाळा आहे. तानाजी मालुसऱ्यांनी रायबाचे लग्न मागे ठेवून कोंढाण्याचे आधी लावले, ही १६७० सालची गोष्ट आपण मुलांना कामाच्या क्रमाचा धडा म्हणून सांगतो. पण जरा विचार करा. कोंढाणा घेतल्यावाचून रायबाचे लग्न काही अडले नव्हते. दोन सुट्या कामांत मोठे कोणते, एवढेच त्या शूर पुरुषाने ठरवले, आणि त्या ठरवण्याला माझा दंडवत. क्रमाचा धडा हवा असेल तर त्याच गोष्टीतला कड्यावरून सोडलेला दोर घ्या. दोर गडाहून महत्त्वाचा कधीच नव्हता. तो फक्त आधी लागत होता. माझ्या पुतणीच्या यादीत दोराला एक चांदणी मिळाली असती.

आमच्या भागातल्या माणसांना हे वेगळे शिकवावे लागू नये. कसाऱ्याची आणि कर्जतची वाट जिथे फुटते ते कल्याण आमच्या अगदी जवळ आहे. रेल्वेच्या जुन्या केबिनमध्ये लोखंडी दांड्यांची रांग असे. सांधा नीट बसून त्याला कुलूप लागल्यावाचून त्या मार्गाचा सिग्नल पाडायचा दांडा ओढताच येत नसे. ओढू नये असा नियम तर होताच, पण मुळात दांडा हालतच नसे. आता दांडे जाऊन विजेची यंत्रणा आली, तत्त्व तेच राहिले. सांध्याला तीन चांदण्या देऊन पॉइंटमनच्या सदिच्छेवर विसंबणारी रेल्वे मी तरी पाहिली नाही.

किंवा कल्याणचा पत्री पूल घ्या. जुना पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये उतरवला, नवा जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मध्ये २०२० ची टाळेबंदीही येऊन गेली. त्या दिवसांत वळसे घालून वैतागलेले आम्ही सारे एकच विचारीत होतो: पूल कधी होणार? पण लोखंडी सांगाडा घडवून आल्याखेरीज बसवता येत नाही, आणि तो येऊन पडला तरी खालची रेल्वे काही तास थांबवण्याची परवानगी मिळाल्याखेरीज तो जागचा सरकत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये तसा ब्लॉक घेऊनच तो रुळांवरून पलीकडे सरकवला. तेव्हा विचारायला हवे होते ते हे, की पूल आज कशाची वाट पाहतो आहे? त्याचे उत्तर तरी कुणाला देता आले असते.

हे शास्त्र काही नवे नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँ कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांच्या कामासाठी एक रीत बसवली. प्रत्येक कामाला किती दिवस लागतात आणि त्याआधी कोणती कामे पुरी झालेली असावी लागतात, एवढेच लिहायचे. मग सर्वांत लांब साखळी आपोआप दिसते. तिच्यातला एक दिवस चुकला की सगळे काम एक दिवस लांबते, इतर कामांना मात्र थोडी सवड असते. ध्यानात घ्या, यात तारीख शेवटी निघते, हिशेबाचे उत्तर म्हणून. आम्ही ती आधीच मनाने ठोकून देतो आणि मग लाल झाली म्हणून दचकतो. १९६२ साली आर्थर कान यांनी यंत्राकडून कामांचा क्रम लावून घेण्याची एक रीत छापली, तीही कुणा गृहिणीला सांगितली तर ती हसेल इतकी सोपी आहे. जे कशासाठीच अडलेले नाही ते आधी घ्या, ते खोडा, त्यामुळे कोण मोकळे झाले ते पाहा, पुन्हा तेच करा. आणि कामे उरली असून एकही मोकळे नसेल, तर समजा की तुम्ही चक्रात सापडला आहात. मी पाच महिने त्या चक्रात होतो. भरभर फिरल्याने चक्र सुटत नाही. बाहेरून एखादा कागद आणावा लागतो.

पुतणीचा यावर आक्षेप असा, की यादीत 'उपकामे' घालण्याची सोय आहे. आहे ना! पण लाडू वळणे हा फराळाचा भाग झाला, बेसन निवणे ही पिठीसाखर घालण्याच्या आधीची अट झाली. भाग आणि अट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कचेऱ्यांच्या मोठ्या कामांसाठी केलेल्या यंत्रणांत ही अट घालता येते. संसारी माणसाला मात्र चांदण्या आणि किणकिण. याच्या उलट टोकाचे एक गृहस्थ आमच्या डब्यात आहेत. त्यांनी चहाला दात घासण्याची अट घातली आहे आणि संध्याकाळपर्यंत ते आपली साखळीच दुरुस्त करीत असतात. जिथे काम खरोखरच अडते तिथेच गाठ मारावी.

आता मी काय करतो ते सांगतो. अडलेल्या प्रत्येक कामापुढे ते कशावाचून अडले ते दोन शब्दांत लिहितो, आणि अशी सगळी कामे वेगळ्या यादीत नेऊन ठेवतो. सकाळी फक्त मोकळी कामे उघडतो. ती सत्तावीस कधीच नसतात, चार-पाच असतात. त्यांतही जी पुष्कळांना अडवून बसली आहेत ती वर. आणि ज्यांत हाताला श्रम नाहीत पण दिवस फार जातात, म्हणजे एखादा अर्ज टपालात टाकणे, ती सर्वांच्या आधी. चांदण्या मी काढून टाकल्या आहेत.

गेली दिवाळी ही अण्णांच्या माघारी आमच्या घरी झालेली पहिली दिवाळी. आईने अनारसे करायचे काढले. पुतणी ठाण्याहून फोन घेऊन आली आणि तिच्यापाशी बसली. "आजी, महत्त्वाचे काय काय ते सांग, मी लिहून घेते." आई म्हणाली, "महत्त्वाचे राहू दे गं. आज तांदूळ भिजत घाल." तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, मग सावलीत पंचावर पसरायचे आणि ओलसर आहेत तोवर कुटायचे, गूळ घालून गोळा केला की तो पुन्हा चार-सहा दिवस मुरायचा. या दिवसांत चकलीची भाजणी भाजून निववायची आणि गिरणीत नंबर लावायचा, कारण दिवाळीच्या तोंडावर गिरणीवाला कुणाचे ऐकत नाही. शंकरपाळे आधी तळायचे, चकल्या मागून, नाहीतर तेलाला तिखटाचा वास लागतो. पुतणी लिहीत होती. "कुटायची तारीख काय घालू?" तिने विचारले. "हाताला ओल लागली पाहिजे आणि पाणी लागता कामा नये, त्या दिवशी," आई म्हणाली. फोनमध्ये त्याला रकाना नव्हता. पुतणीने ते मागल्या पानाच्या कोऱ्या जागेत, म्हणजे टिपणात, शब्दशः लिहून घेतले.

पहिल्या घाण्याचे अनारसे तुपात हसले. दुसऱ्या घाण्यापासून नीट आले.