रूळ गेले, भराव उरला

मनालीहून लेहपर्यंत सायकलने जाऊन आलेले तरुण आता लातूर-नांदेडमध्येही भेटतात. या वाटेवरची तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. अडीच हजार मीटरच्या वर घाईने चढलेल्या कोणालाही डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश होऊ शकतो. त्यात कमावलेल्या शरीराचा उपयोग होत नाही. टप्प्याटप्प्याने चढणे हाच उपाय. हे सगळे सोसून परत आलेला माणूस सांगतो मात्र भलतेच : मैलभर एकही गाडी नसलेले पठार आणि स्वतःच्या चाकांचा आवाज.

असे पठार आपल्याकडेही आहे. नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात, लातूर बालाघाटच्या माथ्यावर. दोन्हींच्या उंचीत सुमारे अडीचशे मीटरचा फरक. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असे टप्पे घेत चढणाऱ्याला पुढे लातूर, मुरूड, येडशीपर्यंत बहुतेक मोकळा माळच लागतो. उंची सहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे फुप्फुसांना कसलाच त्रास नाही. उणीव आहे ती फक्त गाड्या नसलेल्या वाटेची. चौपदरी महामार्गाच्या कडेने सायकल चालवणे हा व्यायाम नाही, जुगार आहे. सायकलसाठी उत्तम हवा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असते आणि नेमक्या त्याच महिन्यांत उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री-पहाटे रस्त्यावर असतात, कित्येकदा मागे साधा लाल दिवाही नसताना. शिवाय दम लागलेला सायकलस्वार गाडीत बसलेल्यापेक्षा कितीतरी अधिक हवा ओढतो, म्हणजे डिझेलचा धूरही अधिक ओढतो.

मग वाट कुठली? उत्तर आपल्या आजोबांना ठाऊक होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. अडीच फुटी रुळांवरून ही छोटी गाडी वारकरी, कापूस आणि लग्नाची वऱ्हाडे वाहत येडशीजवळच्या रामलिंग घाटातून जात असे. या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले. ते हवेच होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन येणारी रेल्वे याच रुंद रुळांवरून धावली, हे विसरता येणार नाही. पण रुंदीकरणात मार्ग जागोजागी सरळ केला गेला, आणि जुन्या मार्गावर नसलेले धाराशिव शहर जोडण्यासाठी तो वळवलाही गेला. जिथे मार्ग बदलला, तिथे रूळ गेले आणि भराव, दगडी मोऱ्या मागे राहिल्या.

सायकलसाठी हा भराव म्हणजे आयती वाट, आणि त्याचे कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार घट्ट पकड घेत नाही. त्यामुळे रेल्वेला तीव्र चढ चालत नाही. भोर घाटासारख्या अवघड जागीही ३७ मीटरला एक मीटर एवढाच चढ ठेवावा लागला. मोकळ्या माळावर तो त्याहून पुष्कळ कमी असतो. आता ७० किलोचा माणूस आणि १५ किलोची साधी सायकल घ्या. ताशी १२ किलोमीटरच्या वेगाने शंभराला आठ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर नुसते हे वजन वर न्यायलाच सुमारे २२० वॉट लागतात. सवय नसलेला मध्यमवयीन माणूस तासभर सलगपणे शंभर वॉटच्या आसपास काम करू शकतो, म्हणजे त्या रस्त्यावर तो दहाव्या मिनिटाला खाली उतरून सायकल ढकलू लागणार. तोच माणूस शंभराला दीड मीटर चढणाऱ्या भरावावर असेल, तर चढाचा वाटा फक्त चाळीस-बेचाळीस वॉट. वारा आणि टायरचे घर्षण धरूनही त्याच्या आवाक्यातला. थोडक्यात, वाफेच्या इंजिनासाठी केलेली सोय पन्नाशीतल्या गुडघ्यांनाही मानवते. दुसरा फायदा मुरमाचा. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. उंच आणि मुरमाच्या भरावावर पाणी थांबत नाही.

ही कल्पना कागदावरची नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मध्य ओटागो नावाचा कोरडा, उंचवट्याचा प्रदेश आहे, तिथले रूळ १९९० मध्ये काढायचे ठरले. २००० मध्ये त्या जागी सुमारे १५० किलोमीटरची, मोटारींना बंदी असलेली सायकलवाट खुली झाली. तिचे सर्वांत उंच ठिकाण ६१८ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ आपल्या लातूरच्या उंचीवर. लोक तीन-चार दिवस घेऊन ती पार करतात आणि वाटेतल्या ओस पडत चाललेल्या गावांत मुक्काम करतात, जेवतात. त्या गावांना पुन्हा गिऱ्हाईक मिळाले. मुरूड, ढोकी, येडशीच्या हॉटेलवाल्यांना यातले काही समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही.

आरोग्याचे म्हणाल, तर २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. कामावर सायकलने जाणाऱ्यांत हृदयविकार जडण्याचे प्रमाण गाडीने किंवा बस-रेल्वेने जाणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी कमी आढळले. यातून सायकलच कारणीभूत आहे असे सिद्ध होत नाही, कारण सायकल चालवणारे मुळातच जरा धडधाकट असू शकतात. तरी फरक दुर्लक्ष करण्याएवढा लहान नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. सायकलवर शरीराचा बराच भार सीटवर येतो, म्हणून गुडघे दुखणाऱ्या, वजन वाढलेल्या मधुमेही माणसाला ही मिनिटे चालण्यापेक्षा सायकलवर भरणे सोपे जाते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, छातीत दुखण्याचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात सकाळी आठनंतर कोणीच शौर्य दाखवू नये.

आणि हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न नाही. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सरकार सायकली देते. सायकल मिळते, रस्ता मात्र ट्रॅक्टर आणि टिप्परसोबत वाटून घ्यावा लागतो. ज्या दोन गावांमध्ये जुना भराव शिल्लक आहे, तिथे तो पर्यटकाच्या आधी या मुलींचा शाळेचा रस्ता व्हायला हवा.

नांदेडकरांनाही लातूरकडे बघत बसण्याचे कारण नाही. ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाच्या कालव्यांना रेल्वेपेक्षाही कमी उतार असतो. पाणी हळू वाहावे म्हणून तो तसा ठेवावाच लागतो. कालव्याच्या कडेचा देखभालीचा रस्ता दुरुस्त केला आणि त्यावर मोटारींना अडथळा लावला, तर गोदावरीच्या खोऱ्यातही सपाट, शांत वाट मिळू शकते. त्यासाठी नवी जमीन लागत नाही.

अडचणी आहेत. रामलिंगचा परिसर अभयारण्य आहे, तिथे वन विभागाच्या अटी पाळाव्याच लागतील आणि अंधारात सायकली चालणार नाहीत. वापरात नसलेल्या सरकारी पट्ट्याचे काय होते हेही आपल्याला ठाऊक आहे : दर नांगरणीला बांध हातभर सरकतो, भरावाचा मुरूम कोणाच्या तरी घराच्या पायात जातो, आणि दहा वर्षांनी नकाशावरची रेघ तेवढी उरते. म्हणून सुशोभीकरण, कमानी, उद्घाटने नंतर पाहू. लातूर आणि धाराशिवच्या जिल्हाधिकाऱ्यांनी रेल्वेला सोबत घेऊन एकच काम आधी करावे : बार्शी लाइटच्या मार्गाचा कोणता तुकडा कोणत्या गावाच्या शिवारात, किती लांबीचा शिल्लक आहे, याची मोजणी. उसाचा हंगाम सुरू होण्याआधी ती होऊ शकते.